चेक इंजिनचा दिवा: आधी कोड वाचावा, पार्ट नंतर घ्यावा

चावी फिरवून ‘ऑन’वर आणली आहे, पण इंजिन अजून सुरू केलेले नाही, अशा वेळी डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत तो विझला पाहिजे. जुन्या गाडीचे कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदून ठेवलेले दोषांचे क्रमांक, वाचण्याआधी करायची पहिली तपासणी हीच आहे. दिवा मुळीच पेटत नसेल, तर एकतर बल्ब गेलेला असतो, किंवा ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, वीजच पोहोचत नसते, किंवा गाडी विकण्यापूर्वी कोणीतरी तो बल्ब मुद्दाम काढून ठेवलेला असतो. म्हापशाला किंवा मडगावला सेकंडहँड गाडी पाहायला जाताना एवढी एक गोष्ट पाहून घेतली, तरी पुढचा बराच मनस्ताप टळतो.

दिवा पेटून तसाच राहिला, तर ईसीयूच्या मेमरीत किमान एक कोड नोंदला गेला आहे असे समजावे. हा कोड नेमके काय सांगतो, याविषयी मात्र बराच गैरसमज आहे. तापमान, दाब वगैरे मोजणाऱ्या सेन्सरकडून आलेला व्होल्टेज अपेक्षित मर्यादेबाहेर गेला, किंवा दोन सेन्सरांच्या सांगण्यात मेळ बसला नाही, की ईसीयू त्या सर्किटची नोंद करून ठेवतो. त्या सर्किटमध्ये सेन्सर असतो, त्याला वायरीशी जोडणारा कपलर असतो, वायर असते, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी बॉडीची जोडणी) असतो आणि शेवटी खुद्द ईसीयूही असतो. यांपैकी दोष कुठे आहे हे कोडला ठाऊक नसते. गोव्यात किनाऱ्यालगत खारा वारा बारमाही असतो, जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली ओल हटत नाही आणि गाडी बहुधा अंगणात माडाखाली नाहीतर फणसाखाली उभी असते. अशा ठिकाणी सेन्सर निकामी होण्याच्या कितीतरी आधी त्याच्या कपलरमधल्या पिना हिरव्या पडलेल्या सापडतात. म्हणून आधी बॅटरी आणि अर्थ, मग कपलर, मग वायर आणि सगळ्यांत शेवटी सेन्सर, हा क्रम मी सहसा मोडत नाही आणि वाचकांनीही मोडू नये असे सुचवतो.

दिवा स्थिर आहे की सारखी उघडझाप करतो आहे, हेही लगेच पाहावे. स्थिर दिव्यावर गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत जाण्यास सहसा हरकत नसते. गाडी चालू असताना दिवा उघडझाप करू लागला, तर मात्र एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता तसेच सायलेन्सरच्या दिशेने जात आहे आणि तिथले धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होण्याचा धोका आहे, असा त्याचा अर्थ होतो. चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना हे घडले, तर अॅक्सिलरेटर सैल करावा, एसी बंद करावा आणि सुरक्षित जागा मिळताच गाडी बाजूला घ्यावी. ऑइलचा लाल दिवा किंवा तापमानाचा काटा ही निराळी बाब आहे. तिथे कोड वाचत बसू नये, इंजिन ताबडतोब बंद करावे.

गाडी कोणत्या काळातली आहे

कार्बोरेटरवर चालणारी मारुती ८००, प्रीमियर पद्मिनी किंवा यांत्रिक पंपाची डिझेल जीप असेल, तर वाचण्याजोगा कोडच नसतो आणि हा लेख तिच्या उपयोगाचा नाही. त्यानंतर आलेल्या एमपीएफआय, म्हणजे ईसीयूच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल देणाऱ्या, गाड्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटातल्या गाड्या दिव्याची उघडझाप करून आकडा सांगतात. दुसऱ्या गटात डॅशबोर्डखाली सोळा पिनांचे सॉकेट असते आणि त्याला स्कॅनर जोडता येतो. अमेरिकेत ओबीडी-२ ही, गाडीने आपले दोष ओळखून ठरावीक कोडांत सांगण्याची, पद्धत १९९६ च्या मॉडेलांपासून सक्तीची झाली आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून तिच्यासारखीच पद्धत लागू झाली. भारतात ओबीडी आली ती भारत स्टेज ४ या प्रदूषण मानकाच्या गाड्यांबरोबर: तिचा पहिला टप्पा २०१० च्या एप्रिलपासून आणि दुसरा २०१३ च्या एप्रिलपासून.

या तारखांच्या मधल्या काळातल्या गाड्या सर्वांत फसव्या असतात. त्यांना सोळा पिनांचे सॉकेट असते, पण आत कंपनीची स्वतःचीच भाषा बोलली जाते. अशा सॉकेटला मोबाइलशी बोलणारा स्वस्तातला अॅडॅप्टर जोडला, की मोबाइलवरचे अॅप बराच वेळ शोधत राहते आणि शेवटी संपर्क होत नाही असे सांगते. त्यावरून ईसीयू गेला असा निष्कर्ष काढून मोकळे होणारे लोक आहेत. त्या कंपनीच्या जुन्या गाड्यांचे प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याच्या पद्धती, असलेला स्कॅनर लावला, की तोच ईसीयू व्यवस्थित बोलू लागतो. फोंड्यात, पणजीत किंवा वास्कोत जुन्या गाड्यांची कामे करणाऱ्या गॅरेजवाल्याकडे असा स्कॅनर आहे का, हे फोनवर मॉडेल आणि साल सांगून आधीच विचारून घ्यावे.

दिव्याची उघडझाप मोजणे

ही पद्धत जुनी असली तरी तिला पैसे लागत नाहीत आणि चतुर्थीच्या दिवसांत सगळी गॅरेजे बंद असतानाही ती वापरता येते. तत्त्व एवढेच, की ठरावीक टर्मिनल अर्थला किंवा शेजारच्या टर्मिनलला जोडले, की ईसीयू चेक इंजिनचा दिवा मोजून पेटवतो. कोणते टर्मिनल, हे मात्र मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवावे. अंदाजाने वायर खुपसली आणि ती भलत्याच पिनेला लागली, तर फ्यूज उडण्यावर निभावले तरी नशीबच म्हणायचे. ईसीयू जळण्याची शक्यता त्याहून कमी नसते. पिवळ्या रंगाचे कपलर आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी सहसा एअरबॅगच्या असतात. त्यांना हात लावू नये. सोळा पिनांच्या ओबीडी-२ सॉकेटमध्ये तर कोणत्याही पिना एकमेकींना जोडू नयेत.

सुझुकीच्या पद्धतीत, म्हणजे मारुतीच्या अनेक जुन्या एमपीएफआय गाड्यांत, डायग्नोसिसचे टर्मिनल काही मॉडेलांत बोनेटखाली बॅटरीजवळच्या मॉनिटर कपलरमध्ये, तर काहींत फ्यूज बॉक्समध्ये असते. ते अर्थला जोडून चावी ‘ऑन’ केली, की दिवा आधी दशकाचे आणि थोडे थांबून एककाचे ठोके देतो. एकदा पेटला, थांबला, मग दोनदा पेटला, तर तो कोड १२. आणि १२ याचा अर्थ काही दोष नाही. दोष असेल तर त्याचा कोड लागोपाठ तीनदा दाखवून दिवा पुढच्या कोडकडे जातो. १३ हा ऑक्सिजन सेन्सरचा, १४ आणि १५ हे कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाच्या सेन्सरचे, २१ आणि २२ हवेची झडप किती उघडली हे सांगणाऱ्या थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे, तर ३१ आणि ३२ हे मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचे कोड आहेत.

त्या काळातल्या होंडा गाड्यांत दोन पिनांचा सर्व्हिस चेक कनेक्टर असतो. त्याच्या दोन्ही पिना वायरीने जोडल्यावर लांब पेट म्हणजे दहा आणि आखूड पेट म्हणजे एक असा हिशोब असतो. टोयोटात डायग्नोसिस कनेक्टरमधली टीई१ आणि ई१ ही टर्मिनले जोडतात. दोष नसेल तर दिवा एकसारखा भराभर लुकलुकत राहतो. एकाच आकड्याचा अर्थ सर्वत्र एकच, असे समजून चालणार नाही. १४ हा कोड सुझुकीत कूलंट सेन्सरचा, होंडात आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते तो वेग) नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हचा आणि टोयोटात इग्निशनच्या सिग्नलचा आहे. इंटरनेटवर सापडलेली यादी आपल्याच कंपनीची आहे ना, हे म्हणूनच आधी पाहावे.

ठोके मोजताना डोळ्यांवर विसंबू नये. मोबाइल डॅशबोर्डसमोर स्थिर टेकवून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा आणि नंतर घरात बसून कागद-पेन्सिल घेऊन मोजावे. सुरुवात कुठून झाली हे पुन्हा मागे जाऊन पाहता येते आणि २१ आहे की १२ हा वाद उरत नाही.

सोळा पिनांचे सॉकेट आणि अॅडॅप्टर

हे सॉकेट चालकाच्या बाजूला स्टिअरिंगखाली, क्वचित मधल्या कन्सोलच्या आत असते. ब्लूटूथ किंवा वायफायवर चालणारे ईएलएम३२७ जातीचे अॅडॅप्टर बाजारात मुबलक मिळतात. त्यांतले बहुसंख्य मूळ चिपची नक्कल असतात आणि काही नकलांमधून नेमके जुन्या गाड्यांचे के-लाइनचे, म्हणजे एका वायरीवरून बोलण्याचे, प्रोटोकॉलच गाळलेले असतात. नव्या गाड्या सहाव्या आणि चौदाव्या पिनेवरून कॅन या दोन वायरींच्या पद्धतीने बोलतात, जुन्या बहुधा सातव्या पिनेवरून. म्हणून शेजाऱ्याच्या नव्या गाडीवर उत्तम चालणारा अॅडॅप्टर आपल्या गाडीवर मुका राहिला, तर नवल वाटून घेऊ नये. आयफोन वापरणाऱ्यांनी वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा अॅडॅप्टर घ्यावा, कारण साध्या ब्लूटूथचा अॅडॅप्टर त्या फोनशी जोडला जात नाही.

अॅडॅप्टरचा दिवाच लागत नसेल, तर दोष सॉकेटच्या विजेचा आहे. सोळाव्या पिनेला बॅटरीची वीज सरळ येते आणि चौथी व पाचवी पीन अर्थच्या असतात. रुंद बाजू वर धरून समोरून पाहिले, की खालच्या ओळीतली उजवीकडची शेवटची पीन सोळावी. मल्टिमीटरने सोळा आणि चार यांच्यामध्ये साधारण साडेबारा व्होल्ट दिसले पाहिजेत. ते दिसत नसतील, तर आतल्या दिव्याचा किंवा सिगारेट लायटरचा फ्यूज तपासावा, कारण बऱ्याच गाड्यांत या सॉकेटची वीज तिथूनच घेतलेली असते आणि लायटरला लावलेल्या स्वस्त मोबाइल चार्जरने तो फ्यूज आधीच उडवलेला असतो.

जोडणी झाल्यावर चावी ‘ऑन’ ठेवून कोड वाचावेत. पक्का झालेला कोड आणि अजून खात्री न झालेला, म्हणजे पेंडिंग कोड, असे दोन प्रकार अॅप वेगवेगळे दाखवते. ‘क्लिअर’ हे बटण इथे लगेच दाबण्याचा मोह फार होतो, तो आवरावा. कोडबरोबर ईसीयूने फ्रीझ फ्रेमही जपून ठेवलेली असते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) किती होते, कूलंटचे तापमान किती होते, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार किती होता. एक बटण दाबले, की हा सगळा पुरावा पुसला जातो. आधी पडद्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत, आणि वहीत तारीख, किलोमीटर व त्या वेळची परिस्थिती लिहावी: पाऊस होता का, गाडी नुकतीच धुतली होती का, चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत एसी लावून उभी होती की महामार्गावर धावत होती. जुन्या गाडीत कोडइतकीच ही टिपणे मोलाची ठरतात. काम झाले की अॅडॅप्टर काढून ठेवावा; तो सॉकेटमध्येच राहिला, तर आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरवतो.

कोडची फोड

पडद्यावर रोमन अक्षरांत दिसणारे कोड इथे देवनागरीत लिहिले आहेत. पहिले अक्षर विभागाचे असते: पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनचा भाग आणि यू म्हणजे संगणकांमधला आपापसातला संपर्क. त्यानंतरचा आकडा ० असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान असतो, १ असेल तर तो कंपनीचा स्वतःचा असतो आणि त्याचा अर्थ त्या कंपनीच्या यादीतच पाहावा लागतो. पुढचा आकडा उपविभाग सांगतो: १ आणि २ इंधन व हवा, ३ इग्निशन, ४ उत्सर्जन नियंत्रण, ५ वेग आणि आयडल, ६ ईसीयू, ७ आणि ८ गिअरबॉक्स. शेवटचे दोन आकडे नेमका दोष दाखवतात.

एकाच वेळी पाच-सात असंबद्ध कोड दिसले, त्यांत यूने सुरू होणारे किंवा कमी व्होल्टेजचा पी०५६२ असेल, तर एकेका कोडच्या मागे लागू नये. बॅटरी उतरल्याची किंवा अर्थ सैल झाल्याची ती खूण असते. इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान व्होल्ट असावेत. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी अर्थची पट्टी किनाऱ्यावरच्या गाड्यांत आतून गंजते; बाहेरून ती धड दिसते, म्हणून बोल्ट सोडून, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत घासून, पुन्हा आवळावी.

एक सर्किट मुळापासून तपासताना

उदाहरणादाखल पी०११८ घेऊ. हा कूलंटच्या तापमानाच्या सर्किटमध्ये व्होल्टेज फार जास्त असल्याचा कोड आहे. बाजारातला सरधोपट उपाय म्हणजे सेन्सर बदलणे. आधी लाइव्ह डेटामध्ये, म्हणजे अॅपवर त्या क्षणी दिसणाऱ्या सेन्सरांच्या आकड्यांत, कूलंटचे तापमान पाहावे. तिथे उणे ४० अंश दिसत असेल, तर ते तापमान नव्हे. सर्किट तुटलेले आहे. गोव्यात उणे ४० अंश कधी होत नाही, हे आपल्याला कळते, ईसीयूला मात्र नाही, आणि तो बिचारा इंजिन बर्फात आहे असे समजून पेट्रोल ओतत राहतो. म्हणून सायलेन्सरला काळा धूर येतो, पेट्रोलचा वास येतो आणि अॅव्हरेज कोसळते.

चावी बंद करून सेन्सरचा कपलर शोधावा. तो बहुधा कूलंटची वाट उघडणाऱ्या थर्मोस्टॅटच्या आवरणाजवळ असतो. लॉकची पट्टी दाबून कपलर सरळ ओढावा, वायरीला धरून ओढू नये, कारण पंधरा-वीस वर्षे इंजिनाच्या उष्णतेत राहिलेले प्लॅस्टिक बिस्किटासारखे तुटते. आतल्या दोन पिना टॉर्चच्या उजेडात पाहाव्यात. निरोगी पीन पिवळसर किंवा रुपेरी चमकते. हिरवी किंवा पांढरी पूड दिसली तर ओल आत शिरली आहे. कपलरच्या तोंडाशी बसणारी रबरी कड गायब असेल, तर ओल कुठून आली याचे उत्तर मिळालेच. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारावा, मऊ ब्रशने साफ करावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मादी बाजूची पकड सैल झाली असेल तर बारीक सुईने अलगद आवळावी. घरात पडलेल्या इतर तेलकट स्प्रेंवर काम भागवू नये. त्यांवर मुरुमाची तांबडी धूळ बसते आणि काही काळाने तिथेच नवा दोष उभा राहतो.

यानंतरही कोड आला, तर तपासणी दोन मिनिटांची आहे. कपलर सेन्सरवरून काढलेला ठेवून लाइव्ह डेटा पाहावा: उणे ४० दिसले पाहिजे. मग गाडीकडून येणाऱ्या कपलरच्या दोन्ही पिना बारीक वायरीने एकमेकींना जोडाव्यात: आकडा एकदम शंभराच्या बराच वर गेला पाहिजे. तो गेला, तर वायर आणि ईसीयू दोन्ही ठीक आहेत आणि दोष सेन्सरमध्येच आहे; आता नवा सेन्सर निश्चिंतपणे घ्यावा. आकडा हलला नाही, तर वायर मध्येच तुटलेली आहे आणि कितीही सेन्सर बदलले तरी दिवा विझणार नाही. अशा वेळी वायरिंगचा जुडगा बोटांनी चाचपत मागे जावे. पावसाळ्यात उबेसाठी बोनेटखाली शिरलेल्या उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बॅटरीच्या मागे आणि एअर फिल्टरच्या पेटीखाली सापडतात. मात्र ही पिना जोडण्याची युक्ती दोन वायरींच्या तापमान सेन्सरपुरतीच आहे. तीन वायरींच्या मॅप किंवा थ्रॉटल सेन्सरवर ती वापरू नये.

सेन्सर खोटे बोलतो का, हे पाहण्यासाठी आणखी दोन सोप्या कसोट्या आहेत. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी चावी ‘ऑन’ करून कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही आकडे एकमेकांच्या आणि बाहेरच्या हवेच्या जवळपास असले पाहिजेत. तसेच इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने वातावरणाचा दाब दाखवला पाहिजे, आणि आपण समुद्रसपाटीला असल्यामुळे तो सुमारे १०० किलोपास्कल असतो. पणजीत उभ्या गाडीचा मॅप सेन्सर इंजिन बंद असताना ८५ दाखवत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. इंजिन आयडलवर आले, की निरोगी पेट्रोल इंजिनात हाच आकडा ३० ते ४० च्या आसपास उतरतो.

पी०१७१: मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी)

जुन्या पेट्रोल गाड्यांत हा कोड वारंवार भेटतो आणि ऑक्सिजन सेन्सरचा बळीही बहुधा यातच जातो. सेन्सरने एवढेच सांगितलेले असते, की धुरात ऑक्सिजन जास्त आहे. सांगणाऱ्याला बदलण्याआधी लाइव्ह डेटामधले फ्युएल ट्रिम पाहावे, म्हणजे ईसीयू ठरलेल्या प्रमाणापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देत आहे तो आकडा. अधिक-उणे दहाच्या आत तो असेल तर काळजी नसावी.

आयडलवर अधिक २० आणि २५०० आरपीएमवर अधिक ४ असा फरक दिसला, तर बाहेरची हवा कुठूनतरी आत ओढली जात आहे: तडा गेलेला व्हॅक्यूम पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप किंवा मॅनिफोल्डचे गॅस्केट. उलट आरपीएम आणि भार वाढल्यावर आकडा वाढत गेला, तर पेट्रोल कमी पडत आहे; फिल्टर तुंबलेला किंवा पंप थकलेला असतो. इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नसतो, फक्त मॅप असतो. तिथे चोरून आत आलेल्या हवेमुळे मॅनिफोल्डचा दाबही वाढतो आणि ईसीयू त्या हिशोबाने पेट्रोल वाढवतो, म्हणून ट्रिम फारसे न बिघडता आयडलच चढलेला दिसतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला भोक असेल, किंवा एखादा सिलिंडर मिसफायर करत असेल, म्हणजे त्यातले पेट्रोल पेटत नसेल, तरी सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो आणि तोच कोड येतो.

यात पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचाही वाटा असतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे एक भाग शुद्ध पेट्रोलला वजनाने हवेचे जे १४.७ भाग हे प्रमाण लागते, ते २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास येते. तेवढी भर घालण्यासाठी ट्रिम काही टक्क्यांनी वर सरकतो. निरोगी गाडी हे सहज पचवते, पण आधीच अधिक १२ वर असलेली गाडी त्या धक्क्याने मर्यादेबाहेर जाऊ शकते. शिवाय इथेनॉल ओल शोषून घेते, म्हणून महिनोन्महिने न हलणारी गाडी पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये.

मिसफायरचे कोड

पी०३०० म्हणजे कोणत्याही सिलिंडरमध्ये अनियमित मिसफायर. पी०३०१ पासून पुढे शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक असतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी फिरवून आणावी. कोड पी०३०१ वरून पी०३०२ वर गेला, तर दोष कॉइलबरोबर गेला. तिथेच राहिला, तर प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन या क्रमाने पाहावे. जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांत मात्र बऱ्याचदा एक कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देते, आणि पी०३०१ व पी०३०४ जोडीने आले तर चारपैकी दोन प्लग एकदम बिघडले असे मानण्यापेक्षा त्या दोघांच्या सामाईक कॉइलवर संशय घ्यावा.

फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर येणारा मिसफायर बहुधा प्लगच्या वायरींचा असतो. अंधारात बोनेट उघडून, इंजिन आयडलवर ठेवून, लांब उभे राहून पाहिले, तर तडकलेल्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. चालू इंजिनात या वायरींना हात लावू नये; झटका जबर बसतो. प्लगच्या खड्ड्यांत पाणी किंवा ऑइल साचले आहे का, तेही पाहावे.

इतर कोडांबद्दल थोडक्यात. पी०५०५ आयडलचा असतो आणि थ्रॉटल बॉडी व आयडल व्हॉल्व्ह कार्बन काढून साफ केल्यावर अनेकदा मिटतो. पी०३३५ क्रँक सेन्सरचा. तापल्यावर बंद पडणारी आणि गार झाल्यावर सुरू होणारी गाडी पाहिली, की सर्वांत आधी हाच आठवावा. पी०४२० कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा असला, तरी तो महागडा भाग घेण्याआधी सायलेन्सरची गळती, मागचा ऑक्सिजन सेन्सर आणि जुना मिसफायर यांचा निकाल लावावा. कॉमन रेल डिझेलमध्ये पी००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी, आला तर सुरुवात डिझेल फिल्टरपासून करावी आणि त्यातले पाणी काढावे. मात्र कॉमन रेलचे उच्च दाबाचे पाइप घरी सोडू नयेत; त्यातला फवारा कातडी भेदतो.

गॅरेजात नेताना आणि काम झाल्यावर

गाडी गॅरेजात द्यायची असेल, तर ‘दिवा लागतो, बघा’ एवढे सांगून सोडू नये. कोड, फ्रीझ फ्रेमचे स्क्रीनशॉट आणि आपण काय तपासले ते सांगावे, आणि पार्ट बदलण्याआधी त्या सर्किटवर कोणती मोजणी केली हे विचारावे. चांगला मेकॅनिक अशा प्रश्नावर रागावत नाही. काढलेला जुना पार्ट परत मागून घ्यावा.

दुरुस्ती झाल्यावरच कोड पुसावा. बॅटरीची वायर काढूनही जुन्या अनेक गाड्यांत कोड जातात, पण त्याबरोबर ईसीयूने शिकलेला आयडलही जातो आणि स्टिरिओ लॉक होऊन त्याचा वेगळा कोड मागू शकतो, म्हणून अॅपनेच पुसणे बरे. पीयूसीच्या आदल्या दिवशी दिवा विझवून काही साधत नाही. तिथे पेट्रोल गाडीच्या धुरातले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, आणि दिवा विझला म्हणून धूर बदलत नाही. कोड न पुसताही दोष खरोखर गेला असेल, तर ओबीडी-२ गाडीत साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो आणि कोड सुमारे चाळीस वेळा इंजिन गार-गरम झाल्यावर मेमरीतून जातो.

त्यानंतर गाडीला सर्व परिस्थितींतून एकदा न्यावे: सकाळी गार इंजिनावर सुरू करावी, काही मिनिटे आयडलवर ठेवावी, पणजी-मडगाव रस्त्यावर मोकळा पट्टा मिळेल तिथे एकसारख्या वेगाने चालवावी, एखादा चढ चढवावा आणि परत आल्यावर पुन्हा आयडलवर उभी करावी. बऱ्याच दोषांचा दिवा लागण्याआधी ईसीयूला तोच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसावा लागतो, म्हणून घरी परतल्यावर दिवा विझलेला असला तरी पेंडिंग कोडांची यादी उघडून पाहावी, आणि तोच क्रमांक तिथे पुन्हा उमटला असेल तर दिव्याची वाट न पाहता त्याच सर्किटच्या कपलरपासून पुन्हा सुरुवात करावी.